नो इश्यू

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करताच विचारलं, "इश्यू कितने हैं?" आणि शरदिनीने शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मैत्रेयीकडे एकदा पाहून उत्तर दिलं, "नो इश्यू." झालं ते एवढंच. बाईंचं पेन कागदावर जरासं हललं आणि थांबलं. मग सोनोग्राफीचं पाकीट मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीकडे बघून त्यांनी सहज विचारलं, "और आप?" शरदिनीने तोंड उघडलं होतं. काय सांगायला उघडलं होतं ते तिला नंतर कितीही आठवून आठवेना, कारण तिच्या आधी मैत्रेयीच म्हणाली, "भांजी हूँ इनकी." अगदी साध्या आवाजात. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं. पुढे डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलत होत्या. गाठ मोठी आहे, रक्त इतकं जातंय ते चांगलं नाही, बच्चेदानी काढून टाकावी लागेल, घाबरण्यासारखं काही नाही, आजकाल रोज होतात ही ऑपरेशनं. शरदिनी मान डोलवत राहिली. त्या गाठीच्या भीतीने तिची आठ-दहा दिवस झोप उडाली होती आणि आता गाठीचं नाव निघालं तर तिचं तिकडे लक्षच नव्हतं. बच्चेदानी हा शब्द मात्र कानात अडकला. मराठीत आपण नुसतं पिशवी म्हणतो. पिशवीचं काय, भरली तर भरली, नाही तर खुंटीला. हिंदीने मात्र तिच्यावर पाटीच लावून ठेवली आहे, आत कोण राहायला हवं होतं त्याची.

लहुराबीरहून मैदागिनपर्यंत रिक्षा केली. माघातलं ऊन होतं, अंगावर घ्यावंसं वाटेल असं. मैत्रेयीने पाकीट छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात शरदिनीच्या पाठीमागून नेऊन रिक्षाचा दांडा पकडला होता, खड्ड्यात मावशीला धक्का बसू नये म्हणून. हा हात ती नेहमीच असा ठेवायची, पण आज त्या हाताने शरदिनीची पाठ अवघडली. तिच्या मनाने एक चमत्कारिक खटला चालवायला घेतला. डॉक्टरने विचारलं ते पोटाबद्दल. पोटाला मूल झालेलं नाही. औषधपाण्यात खोटं बोलायचं नसतं, वकील आणि वैद्य यांच्यापुढे सगळं उघडं करावं म्हणतात. म्हणजे उत्तर बरोबर. मग चुकलं कुठे? चुकलं ते बघण्यात. न बघता बोलली असती, फाडकन, तर ते दवाखान्यातलं बोलणं दवाखान्यात राहिलं असतं. पण तिने आधी पोरीकडे पाहिलं. तराजूत घालून बघावं तसं पाहिलं आणि मग म्हणाली, नाही. पोरीने ते पाहणं पाहिलं. ती बावीस वर्षांची आहे, तिला डोळे आहेत. आणि शरदिनीला पुन्हा पुन्हा वाटत होतं, की त्या क्षणी मैत्रेयीचा चेहरा किंचित पुढे आला होता, वर्गात आपलं नाव पुकारणार असं वाटलेल्या मुलीचा येतो तसा. का हे आपल्याला आता वाटतंय? मन काय, आगीत तेल ओतायला त्याला कोणी सांगावं लागत नाही.

या शब्दाने तिला छळायची ही पहिली वेळ नव्हती. जबलपूरहून लग्न होऊन ती काशीत आली तेव्हा संकठा घाटावरच्या त्या गल्लीत घराघरातून मराठी बोललं जायचं आणि उंबरा ओलांडला की हिंदी. मूल नाही हे मराठीत विचारणाऱ्या बायका सरळ विचारत. काय गं, अजून काही नाही का? सासूबाई सरळ सांगत, शुक्रवार धर, संकठा मातेला जा. ते दुखायचं, पण ते आपल्या जातीचं दुखणं होतं, त्यावर रडता यायचं. शिकल्या-सवरल्या लोकांची तऱ्हा वेगळी. जिथे दुखतं तिथे ही माणसं इंग्रजीची पट्टी लावतात. बायकोला मिसेस म्हणतात, कुणी गेलं तर डेथ हो गई म्हणतात, आणि मुलंबाळं विचारायची तर इश्यू. पुणे-मुंबईकडचे पाहुणे हे ऐकून हसत, त्यांच्याकडे इश्यू म्हणजे वादाचा मुद्दा. शरदिनीला तरी कुठे माहीत होतं? तेव्हा ती मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवी नवी लागली होती, मासिकांच्या विभागात. नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, बँकेच्या मॅनेजरांकडे चहाला गेली असताना त्यांच्या बाईंनी बिस्किटांची बशी पुढे करत हलक्या आवाजात विचारलं, "कोई इश्यू?" मॅनेजरीणबाई तिच्याकडून विणकामाचं मासिक वाचायला नेत असत. शरदिनी म्हणाली, "अभी नहीं आया. अगले महीने पक्का आ जाएगा." पुढचा महिनाभर रत्नाकरच्या बँकेतल्या बायका तिच्या पोटाकडे बघत होत्या. कुणी तरी लोणच्याची बरणी पाठवली. पुढच्या महिन्यात मासिक आलं, मुखपृष्ठावर गुलाबी स्वेटर घातलेलं गुटगुटीत मूल होतं, आणि शरदिनीला उलगडा झाला तेव्हा ती काउंटरमागच्या स्टुलावर बसून आधी खूप हसली. रत्नाकर तर कितीतरी दिवस हा किस्सा मित्रांना सांगत असे. हळूहळू त्याने सांगायचं बंद केलं. गमतीची पण एक मुदत असते.

पुढे तिची बदली इश्यू काउंटरवर झाली, आणि दिवसातून शंभरदा तो शब्द कानावर पडू लागला. दीदी, ये इश्यू कर दीजिए. दीदी, एक कार्ड पर कितनी इश्यू होती हैं? इतकी वर्षं ऐकून शब्द गुळगुळीत झाला होता, त्याचा काटा मोडला होता. देणे, तारीख टाकणे, परत घेणे. कोपरे दुमडू नका, पेनाने खुणा करू नका, दुसऱ्याला वापरायचंय. मुलींना ती हेच सांगायची, न रागावता, कधीच न रागावता. आणि आज रिक्षात बसल्या बसल्या तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मैत्रेयीला आपण अशीच वाढवली. कोपरा दुमडू न देता.

आनंदी, शरदिनीची धाकटी बहीण, जबलपूरला असते. तिला पाठोपाठ तीन मुली, आणि चौथ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती फार आजारी पडली. तिचा नवरा गोपीनाथ धाकटीला घेऊन काशीला आला. अडीच वर्षांची मैत्रेयी, नाकात शेंबूड, हातात अर्धं खाल्लेलं टोस्ट. गोपीनाथ म्हणाला, काही दिवस राहू दे तुमच्याकडे. आनंदीनेही तेच सांगून पाठवलं होतं, काही दिवस. चौथ्या वेळी मुलगा झाला, आनंदी बरी झाली, उन्हाळा आला, गेला. न्यायला कोणी आलं नाही आणि शरदिनीने विचारलं नाही. विचारलं तर नेतील. दत्तक हा शब्द कुणी उच्चारला नाही, देतो म्हणून कुणी म्हटलं नाही, घेते म्हणून हिने म्हटलं नाही. परत करायची तारीख टाकायचीच राहून गेली होती, आणि ज्या पुस्तकावर तारीख नाही ते कुणी कधीही मागायला येऊ शकतं. मुलगी मावशी म्हणायची, काका म्हणायची. एकदा, चारेक वर्षांची असताना, तापात तिने शरदिनीला आई म्हणून हाक मारली होती. शरदिनी म्हणाली, "मावशी गं बाळा, मी मावशी." आनंदीच्या हक्कावर आपण हात टाकतोय असं तिला वाटलं. किती शहाणपण ते! त्या शहाणपणाचा आज तिला संताप आला.

आणि ती थप्पड. तिची आठवण शरदिनी सहसा वर येऊ देत नसे. मैत्रेयी आठ वर्षांची असेल. तिने ग्रंथालयाच्या एका जाड पुस्तकाची पानं फाडून होड्या केल्या आणि घाटाच्या पायरीवर बसून एकेक गंगेत सोडल्या. शरदिनी शोधत गेली तेव्हा पुठ्ठाच उरला होता. पोर उठून उभी राहिली, डोळे मिटून, गाल पुढे करून. शरदिनीचा हात उठलाच नाही. ती म्हणाली, असू दे हं, पुन्हा नाही करायचं. पोरीने डोळे उघडले आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हिनेच काही तरी चुकवलंय. त्याच वर्षी दिवाळीला आनंदी आली होती. मैत्रेयीने रांगोळीत पाय दिला म्हणून तिने तिथल्या तिथे एक सणसणीत ठेवून दिली. मुलगी भोकाड पसरून रडली आणि रडत रडत आनंदीच्याच गळ्यात पडली, तिच्याच पदराला नाक पुसलं. शरदिनी स्वयंपाकघराच्या दारात पीठ भरल्या हातांनी उभी होती. बहिणीच्या दागिन्यांचा, मुलांचा, गोऱ्या रंगाचा तिने कधी हेवा केला नव्हता. त्या थपडेचा केला. अजून करते.

मैदागिनला रिक्षा सोडून त्या गल्लीत शिरल्या. मैत्रेयीने वाटेत मलइयोवाला पाहिला, थंडीतच मिळणारा तो दुधाचा पिवळा फेस, आणि मातीचे दोन कुल्हड घेतले. डॉक्टरने गोड खाऊ नको म्हटलेलं नाही, म्हणाली. तिच्या ओठांवर फेस लागला होता आणि ती कॉलेजातल्या कुणा मॅडमची नक्कल करत होती. तिचं हे हसणं शरदिनीला सोसवेना. दुखावली असती, फुगून बसली असती तर समजूत तरी काढता आली असती. "मगाशी दवाखान्यात..." शरदिनीने सुरुवात केली. मागून एक सांड आला, दोघी भिंतीला चिकटल्या, सांड गेला. मैत्रेयी म्हणाली, "मावशी, तू ना, बेकार टेन्शन घेतेस. काकांना सांगू, ऑपरेशन लवकर करून टाकू. मी आहे ना होळीपर्यंत."

होळीपर्यंत. हे तिने मुद्दाम म्हटलं की सहज, कोण जाणे. गेल्या रविवारी आनंदीचा फोन आला होता. नागपूरचं एक स्थळ आलंय, मुलगा श्रीनिवास, इंजिनियर, माणसं चांगली. मैत्रेयीला होळीनंतर जबलपूरला पाठवून दे. दाखवणं इथूनच करू, लग्नही इथूनच, लोकांना फार फोड करून सांगायला नको, आमची तिसरी मुलगी, काशीला शिकायला होती, बस्स. आणि जरा थांबून आनंदी म्हणाली होती, तुझे उपकार आहेत, ताई. उपकार! एका शब्दात सगळा हिशेब मिटवला बहिणीने. शरदिनी फोनवर हं हं करत राहिली. मग तिने मैत्रेयीला सांगितलं. मुलगी गहू निवडत होती. मान खाली घालून म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि शरदिनी काय म्हणाली? म्हणाली, "मी कोण सांगणारी? तुझी इच्छा." हे ती मोठेपणाने म्हणाली नव्हती. तिला वाटलं होतं, पोर म्हणेल, असं काय बोलतेस मावशी, तूच तर सगळं. पोर पुन्हा गहू निवडू लागली. त्या रविवारी एकदा आणि आज दवाखान्यात दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा चेंडू हिच्या हातात होता आणि दोन्ही वेळा हिने तो मऊ हाताने खाली ठेवला.

संध्याकाळी रत्नाकर बँकेतून आला. तिने चहा देताना त्याला सांगितलं. त्याला आधी ऑपरेशनची काळजी, मग गाठीची, मग कुठल्या हॉस्पिटलात करायचं त्याची. ती म्हणाली, ते नाही हो, मी नो इश्यू म्हटलं, तिच्यासमोर. तो बशीत चहा ओतता ओतता थांबला, कारण त्याला खरंच कळलं नव्हतं. मग म्हणाला, "अगं, मेडिकलचं आहे ते. मी पण बँकेत तेच सांगतो. नवीन मॅनेजरने विचारलं, इश्यू? म्हटलं, नो इश्यू. आणि कोणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर म्हणतो, मी, मिसेस आणि आमची मुलगी. यात काय आहे?" त्याच्या दोन खिशांत दोन उत्तरं होती, आणि एकाला दुसऱ्याचा कधी पत्ता लागला नव्हता. शरदिनीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त हेवा वाटला. पुरुषाला बरं असतं, त्याच्या पोटाला कुणी प्रश्न विचारत नाही. ती म्हणाली, कन्यादान आपण करायचं, असं आनंदीला सांगा तुम्ही. त्याने चहा संपवला, मिशा पुसल्या, आणि म्हणाला, ते तूच सांग. तुझी बहीण आहे. त्याचंही चूक नव्हतं. या घरात कुणाचंच काही चुकत नसे, हेच तर दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने मोठा इंग्रजी शब्दकोश काढला. इतकी वर्षं तो तिच्या पाठीमागच्या कपाटात होता. तो बाहेर द्यायचा नसतो, तिथेच बसून बघायचा. तिला वाटत होतं, त्या शब्दात कुठे तरी एक फट सापडेल, जिच्यातून मैत्रेयीला आत घेता येईल. शब्दाला अर्थ तरी किती! वाहून बाहेर जाणं. नदीचं तोंड. जखमेतून येणारा पू. अंक. वाटप. वादाचा मुद्दा. परिणाम, शेवट. संतती. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, बाहेर पडणं. जे बाहेर पडतं ते. मूलही त्यासाठीच इश्यू, की ते आतून बाहेर येतं. वाढवणं, निजवणं, तेल लावणं, परीक्षेच्या दिवशी दहीसाखर हातावर ठेवणं, यांचा त्या शब्दाशी काहीही संबंध नव्हता. शब्दकोशाचं म्हणणं डॉक्टरीणबाईंसारखंच होतं. तिचं उत्तर बरोबर होतं. तिने कोश मिटला आणि त्याचा धप्पकन आवाज झाला, तशा दोन मुलींनी वर पाहिलं. त्या कोशावर ती इतकी चिडली होती, की कुणी बघत नसतं तर तिने तो आपटला असता.

ऑपरेशनच्या आधीचे चार दिवस तिने वाक्यं जुळवण्यात घालवले. मैत्रेयी कपडे वाळत घालायची, तेव्हा ही जिन्यात उभी राहून मनात म्हणायची, मैत्रेयी, तू माझी मुलगी आहेस. मग तिला ते नाटकी वाटायचं. मैत्रेयी, तू जाऊ नकोस. मग ते स्वार्थी वाटायचं, तिथे तिचं लग्न होतंय आणि मी पिशवीचं दुखणं घेऊन तिच्या आड येऊ? डॉक्टरने विचारलं ते वेगळं होतं. मग ते खुलासा केल्यासारखं वाटायचं, आणि खुलासा परक्याला करतात. गच्चीवर साडीची टोकं धरून दोघी समोरासमोर उभ्या होत्या, पलीकडे गंगा अगदी सावकाश चालली होती, कुणाच्या तरी पतंगाची काटाकाटी सुरू होती. मैत्रेयीने साडी झटकली, दोघींच्या तोंडावर थेंब उडाले. शरदिनी म्हणाली, "आज भात टाकू की पोळ्याच?" "पोळ्या चालतील," मैत्रेयी म्हणाली. कसलाही हट्ट नाही. तिने कधी हट्ट केलाच नव्हता. पाहुण्याच्या घरी शहाण्यासारखं वागावं, तशी ती आयुष्यभर वागत आली होती, आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, भाग्यवान आहेस, पोर किती गुणाची.

हॉस्पिटलात भरती करताना टेबलाशी बसलेल्या नर्सने तेच प्रश्न पुन्हा विचारले. उमर, वजन, पहले कोई ऑपरेशन? इश्यू? रत्नाकर तिच्यामागे उभा होता, त्यानेच खणखणीत आवाजात सांगितलं, "नो इश्यू, सिस्टर." स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर येणार ते सांगावं तसं. शरदिनीने वळून पाहिलं. मैत्रेयी थर्मास आणि चादरींची पिशवी घेऊन भिंतीशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. पहिल्या दिवशी तो चेहरा पुढे आला होता, हे शरदिनीला त्या वेळी पक्कं कळलं, कारण आज तो आला नाही. पोरीने वाट बघणं थांबवलं होतं. त्यांनी तिला हिरवा झगा घातला, बांगड्या काढून घेतल्या, स्ट्रेचरवर झोपवलं. छतावरचे दिवे एकामागून एक सरकत गेले आणि तिला मरणाची भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच नाही. पोटातली ती रिकामी खोली आता पाडायला काढली होती, आणि तिच्या दारावर मारे पाटी होती म्हणून तिने जन्मभर त्या खोलीला घाबरून घरातल्या माणसाला धड घरातलं म्हटलं नव्हतं. सुई टोचताना डॉक्टर म्हणाले, गिनती गिनिए. तिने एक म्हटलं. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवस नुसत्या वेदनेचे गेले. ते दिवस एका अर्थी चांगले होते, वेदनेला दुसरं काही सुचत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीला टेकवून बसवलं. वॉर्डच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. शेजारच्या खाटेवर चंदौलीकडची एक जाडजूड बाई होती, तिचंही हेच ऑपरेशन झालेलं, आणि तिच्या खाटेभोवती मुली, सुना, नातवंडं यांचा मेळा भरलेला असे. आज मात्र ती एकटीच पान लावत बसली होती. मैत्रेयीने शरदिनीचे केस सोडून विंचरायला घेतले. गुंता फार झाला होता. ती हलक्या हाताने एकेक बट सोडवत होती, आणि विंचरता विंचरता, मागूनच, तोंड न दाखवता म्हणाली, "मावशी, परवा मी आईला फोन केला. येते म्हटलं. होळीची वाट नाही बघत, तुझे टाके निघाले की जाईन."

शरदिनीने चार दिवस जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती म्हणाली, "कुणाला विचारून?"

केसातली फणी थांबली. मैत्रेयी पुढे आली आणि खाटेच्या कडेशी उभी राहिली. मावशीचा हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. शरदिनीच्याही नव्हता.

"तुला विचारलं होतं," मैत्रेयी म्हणाली. "तू म्हणालीस, मी कोण."

"म्हटलं असेल. माणूस म्हणतं. म्हटलं म्हणून तू लगेच फोन करून मोकळी झालीस? मी इथे पोट फाडून पडलीय आणि तू परस्पर ठरवून टाकलंस? जायचं नाही, सांगून ठेवते. आत्ता खाली जा, आणि त्या एसटीडीवरून आनंदीला सांग, मैत्रेयी येणार नाही. कुणाला बघायचं असेल तर काशीला येऊन बघा. मुलगी इथली आहे."

पोटातल्या टाक्यांना ओढ बसली, डोळ्यांपुढे पिवळं झालं, पण तिला थांबता येईना. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर येत होतं, फाडलेलं पुस्तक, रांगोळी, गहू. एवढी अक्कल नाही का, ती म्हणाली, एवढी घोडी झालीस. घोडी! हा शब्द तिने उभ्या जन्मात कुणाला वापरला नव्हता.

मैत्रेयीचं तोंड लाल झालं. "नाही करणार फोन," ती म्हणाली.

"काय?"

"नाही करणार. तुला आत्ता राग आला म्हणून? इतकी वर्षं मी काय काय केलं, तुला एकदाही नाही आला. मी मुद्दाम करायचे, माहीत आहे तुला? तुझं ते असू दे हं, असू दे हं ऐकून मला वाटायचं, हिला काही फरकच नाही पडत. त्या दिवशी क्लिनिकमध्ये तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, एक म्हणशील."

"डॉक्टर पोटाचं विचारत होती गं."

"कळतं मला, मी बी.ए. झालेय. तरी मला वाटलं." तिचा आवाज फाटला आणि ती हिंदीवर गेली, तिला मनापासून काही बोलायचं असलं की ती जायचीच. "एक बार बोल देतीं तो क्या हो जाता? काट देती डॉक्टर. गलत है, काट देती. मैं तो सुन लेती न!"

"उलट बोलू नकोस," शरदिनी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आणि तरीही तिला खरोखरीचा राग आला होता, तळपायापासून.

"बोलणार. आणि जाणार पण. आता येते सांगितलंय मी, माझं मी ठरवलंय. तुझं नाही ऐकणार." मैत्रेयीने फणी खाटेवर टाकली, टाकली म्हणजे आपटलीच, आणि थर्मास उचलून तरातरा वॉर्डबाहेर चालू लागली. दाराशी तिला आठवलं असावं, ती तशीच पाय आपटत परत आली, शरदिनीच्या पाठीमागची घसरलेली उशी जोरात ओढून नीट केली, तिच्याकडे अजिबात न बघता, आणि पुन्हा निघून गेली.

शरदिनी धापा टाकत पडून राहिली. अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच. ती तिला थांबवू शकली नव्हती. टाके निघतील, पोर जाईल, जबलपूरच्या मांडवात आनंदी आणि गोपीनाथ तिचा हात दुसऱ्याच्या हातात देतील, आणि ही पाहुण्यांच्या रांगेत बसेल. ते आता टळत नव्हतं. बोलायला उशीर झाला होता आणि त्या उशिराला औषध नव्हतं. पण इतक्या वर्षांत पोर पहिल्यांदा तिच्याशी भांडली होती. नाही म्हणाली होती तोंडावर.

चंदौलीची बाई पानाचा तोबरा एका गालात सरकवून मघापासून इकडेच बघत होती. मराठी तिला कळलं नव्हतं, पण न कळण्यासारखं त्यात काय होतं. ती म्हणाली, "आपन बिटिया हई न? हमरो अइसहीं लड़ेले."

शरदिनीने दाराकडे पाहिलं. ते अजून हलत होतं.

"हां, बिटिया है," ती म्हणाली. "जा रही है."